मनगटावरचा आकडा, बोटाखालची नाडी

'सचिन' हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे कुणालाही क्रिकेटच आठवते. आमच्या घरात मात्र सचिन म्हणजे अक्काचे गाव. अक्का म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. सुरतच्या दक्षिणेला, नवसारीच्या वाटेवर सचिन नावाचे रेल्वे स्टेशन आहे. तिथे जी.आय.डी.सी.ची मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि त्या वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत. इचलकरंजीत जॉबर म्हणून हात तयार झालेले आमचे साडू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वीस-बावीस वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. इतिहास शिकवणारा माणूस असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. हे सचिन एकेकाळी संस्थान होते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाला १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या तहातून ते मिळाले आणि १९४८ मध्ये ते तेव्हाच्या मुंबई राज्यात विलीन झाले. तेव्हा आपल्या मुलखाचे त्या गावाशी असलेले नाते काही आजचे नाही.

तर या सचिनहून गेल्या दिवाळीनंतर एका रात्री फोन आला. अक्काचा आवाज कापत होता. "पाव्हणं, यांचं काळीज दिवसभर दीडशेनं पळतंय म्हणं! आता काय करू?"

झाले होते असे. भाच्याने पहिल्या पगारातून वडिलांना मनगटावर बांधायचे ते नव्या तऱ्हेचे घड्याळ घेऊन दिले होते. पावले मोजणारे, झोप मोजणारे आणि हृदयाचे ठोकेही मोजणारे. अण्णा पाळीवरून घरी आले, भाच्याने सहज मोबाईलवर दिवसाचा आलेख उघडला, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत १४०, १४८, १५२ असे आकडे! अण्णांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. वय अठ्ठावन्न. घरात रडारड सुरू झाली. भाचा रिक्षा आणायला निघाला होता.

मी विचारले, "अक्का, अण्णा आत्ता काय करतायत?"

"जेवायला बसलेत. भाकरी खातायत."

"छातीत दुखतंय? दम लागतोय? घाम, चक्कर?"

"काही नाही. मलाच म्हणतायत, एनू आगिल्ल, कशाला ओरडतीस."

इतक्यात आमच्या सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्या चिकोडीकडच्या. मराठी उत्तम बोलतात, पण काळजी वाटली की कन्नडवर येतात. त्या लेकीला एवढेच म्हणाल्या, "गडिबिडि माडब्याड. मोदलु नाडि नोडु." घाई करू नकोस, आधी नाडी बघ.

अक्काने अण्णांच्या मनगटावर बोटे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. ७८ भरले. तेव्हा मनगटावरचे घड्याळही ८० दाखवत होते. म्हणजे घरात शांत बसल्यावर यंत्र बरोबर आणि कारखान्यात चूक! हा काय प्रकार असेल, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी प्रयोगशाळेत बसवून मला जे समजावून सांगितले, ते वाचकांच्याही उपयोगाचे आहे.

घड्याळाला ऐकू येत नाही, ते फक्त बघते

आपली समजूत अशी, की हे घड्याळ हृदयाचे ठोके 'ऐकते'. तसे नाही. घड्याळ उलटे करून पाहा. पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त तांबडे, ते हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला, की मनगटात रक्ताची लाट येते, प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. लाट ओसरली, की तो पुन्हा वाढतो. या कमी-जास्त होण्याच्या फेऱ्या मोजून घड्याळ मिनिटाचा आकडा सांगते.

कोरोनाच्या दिवसांत, २०२० आणि २०२१ मध्ये, घरोघरी बोटाला लावायचा चिमटा आला होता, तो याच कुळातला. फक्त त्यात तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश असतात. ज्या कल्पनेवर ते यंत्र उभे आहे, ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. योगायोग असा, की हे आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, म्हणजे जगाला त्यांच्या यंत्राची सर्वांत जास्त गरज पडत होती त्याच महिन्यांत.

दवाखान्यातला ई.सी.जी. मात्र वेगळा. तो हृदयातली वीज नोंदवतो. छातीला बांधायचा पट्टा मिळतो, तोही विजेवरच चालतो. म्हणून पळताना, सायकल चालवताना अचूक आकडा हवा असेल तर जाणकार लोक छातीचा पट्टा वापरतात.

आता अण्णांचे कोडे सुटले. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे हालचाल. हात हलला, की घड्याळ त्वचेवरून सरकते, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि मनगटातले रक्तही हिंदकळते. हलणे तालात असेल, तर घड्याळ तो ताल हृदयाचाच समजून बसते. अण्णांचे हात दिवसभर चालत्या मागावर. सुरतेकडे मागाला 'संचा' म्हणतात. तिथे जमीन हादरते, चौकट हादरते, मनगटही हादरते. घड्याळाने अण्णांच्या काळजाऐवजी त्या संच्याचीच नाडी मोजली असणार!

माझा विश्वास बसेना, म्हणून मी स्वतःवर प्रयोग केला. पत्नीचे तसलेच घड्याळ बांधून कॉलेजच्या मैदानावर झपझप चालायला लागलो. घड्याळ म्हणाले ११७. मग मी एक मिनिट माझी पावले मोजली. ११६! थांबून लगेच बोटाने नाडी पाहिली, तर ती शंभरच्याही आत होती. म्हणजे घड्याळ हृदय सोडून पाय मोजत होते.

त्याच रात्री आमच्या धाकट्याने कळस केला. त्याने ते घड्याळ चक्क एका केळ्याला बांधले. थोडा वेळ हिरवे दिवे लुकलुकले आणि आकडा उमटला, ७४. घरात हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, "केळं ठणठणीत हाय, खायाला हरकत न्हाई." गंमत सोडा, पण त्यातून धडा मिळतो. यंत्राला समोर माणूस आहे की केळे, हे नीट कळतेच असे नाही. प्रकाशाच्या चढउतारात काहीतरी ताल शोधायचा, एवढेच त्याला ठाऊक.

आकडा विचित्र आला तर काय पाहावे?

सहकाऱ्यांकडून समजलेले आणि घरात करून पाहिलेले इथे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट जागा. आपण हे घड्याळ नेहमीच्या घड्याळासारखे मनगटाच्या हाडावर ढिले बांधतो. ते हाडापासून एक-दोन बोटे वर, कोपराच्या बाजूला बांधावे. पट्टा असा असावा, की हात हलवला तर घड्याळ सरकू नये, पण काढल्यावर खोल वळही उठू नये. फार आवळले तरी रक्ताची वाट अडते आणि आकडा चुकतो. व्यायामाच्या वेळी थोडे घट्ट आणि थोडे वर, नंतर पुन्हा सैल, ही चांगली सवय.

दुसरी गोष्ट स्वच्छता. घाम, खोबरेल तेल, पिठाचे हात, आणि अण्णांच्या बाबतीत कापसाचे तंतू. दिव्यांच्या काचेवर हे सगळे साचते. मऊ ओलसर कापडाने पुसावे, कोरडे करावे, मनगटही पुसून घ्यावे.

तिसरी गोष्ट थंडी. गारठ्यात त्वचेकडचा रक्तप्रवाह आखडतो आणि लाट क्षीण होते. डिसेंबरच्या पहाटे फिरायला निघाल्याबरोबर आकडा गायब झाला, तर हृदय थांबले असे समजू नये. अंग गरम होऊ द्यावे.

चौथी गोष्ट आपल्या भागातल्या आयाबायांसाठी. सासूबाईंच्या मनगटावर घड्याळ बांधले, तर आकडा येईचना. नुसत्या रेघा. धाकटा म्हणाला, "आज्जी, तू आहेस ना?" मग लक्षात आले, त्यांच्या डाव्या मनगटावर लहानपणीचे गोंदण आहे. कन्नडमध्ये ज्याला 'हच्चे' म्हणतात तेच. त्वचेत मुरलेली ती गडद शाई प्रकाश गिळून टाकते. उजव्या हातावर गोंदण नव्हते, तिथे बांधल्याबरोबर ७२ आले. हातभर बांगड्या असतील, तर त्याही घड्याळाला ढकलत राहतात. अशा वेळी हात बदलावा, आणि घड्याळाच्या मांडणीत डावा-उजवा विचारले असेल तर तेही बदलावे.

पाचवी गोष्ट यंत्राची. चार्जिंग फार उतरले असेल तर ते करावे, घड्याळ एकदा बंद करून सुरू करावे, मोबाईलवर नवी सुधारणा आली असेल तर घ्यावी. काही घड्याळे बॅटरी वाचवण्यासाठी सतत न मोजता काही मिनिटांनी एकदा मोजतात. त्यामुळे जिना चढून आल्यावर दिसणारा आकडा जिन्याआधीचाही असू शकतो.

आणि सहावी गोष्ट, जी खरे तर पहिली. आकडा पटला नाही, तर दहा मिनिटे शांत बसावे आणि बोटाने नाडी मोजावी. तर्जनी आणि मधले बोट अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला हलकेच ठेवावे. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याची स्वतःची नाडी लागते आणि गोंधळ होतो. ठोके एकसारखे पडत असतील तर तीस सेकंद मोजून दुप्पट करावी. कमी-जास्त पडत असतील तर पूर्ण एक मिनिट मोजावे. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले ठोके साधारण ६० ते १०० असतात. नेहमी व्यायाम करणाऱ्यांचे त्याहून कमी असू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी मंद होते, म्हणून आकड्यावरून शेजाऱ्याशी तुलना करू नये.

घड्याळ आणि नाडी यांचा संबंध नवा नाही. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर नावाच्या वैद्याने नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पण त्या घड्याळात फक्त वेळ होती. नाडीवरचे बोट माणसाचेच होते. आज बोटाचे कामही आपण घड्याळाकडे सोपवले, आणि तिथेच गफलत होते.

मे महिन्यातली संध्याकाळ

हे सगळे मी फोनवर सचिनला कळवले. अण्णा कामावर जाताना घड्याळ घरी ठेवू लागले. चालत्या मागाजवळ मनगटावर काही नसलेलेच बरे, हे तर प्रत्येक जॉबर जाणतो. घरातली भीती गेली. इतकी गेली, की घड्याळ ही चेष्टेची वस्तू झाली. 'केळ्याची नाडी मोजणारे यंत्र' असे अण्णा त्याला म्हणू लागले. आणि त्याला कारण मीच होतो.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही सहकुटुंब सचिनला गेलो. एका संध्याकाळी जेवणे उरकून सगळे अंगणात बसलो होतो. अण्णा खुर्चीवर, पाय पसरून. हातात घड्याळ होते. भाचा म्हणाला, "बाबांचं घड्याळ पुन्हा बिघडलं. बघा, ५८, आता १०४, आता ७१." अण्णा हसले. "टाकून दे ते. सरांनीच सांगितलंय, त्याला माणूस आन् केळं सारखंच."

मीही हसलो. पण मग मनात हिशेब सुरू झाला. अण्णा बसलेले होते, हात मांडीवर स्थिर होता. उकाड्याचे दिवस, म्हणजे थंडीचा प्रश्न नव्हता. घड्याळ दोन बोटे वर, नीट बांधलेले. भाच्याने काच पुसली, घड्याळ बंद करून सुरू केले. आकडा तसाच उड्या मारत राहिला. मी सांगितलेल्या साऱ्या कारणांची यादी संपली होती. मी ते घड्याळ माझ्या हातावर बांधून पाहिले. ७६, ७६, ७७. म्हणजे घड्याळ ठीक होते.

सासूबाई आमच्यासोबत आल्या होत्या. त्या उठून जावयाजवळ गेल्या आणि मुकाट्याने त्यांच्या मनगटावर बोटे ठेवली. बराच वेळ ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बघा."

मी पाहिले. दोन ठोके लगोलग, मग खंड, मग एक हलका, मग तीन घाईघाईने. पावसाची सर ओसरल्यावर पत्र्यावर कसेही थेंब पडावेत, तसे. ताल म्हणून नव्हताच. अण्णांना विचारले, तर म्हणाले, "महिनाभर जरा थकल्यागत होतंय. उन्हाळा हाय न्हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांकडे गेलो. ई.सी.जी. काढला. निदान झाले, एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितले. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त तिथे साचते, त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. कन्नडमध्ये आपण ज्याला 'पार्श्ववायु' म्हणतो तो. या दोषात अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट होतो. अण्णांना मधुमेह आणि रक्तदाब असल्याने काळजी अधिक. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आणि ठोके आवरावेत म्हणून गोळ्या सुरू झाल्या. अशा वेळी घड्याळाचा आकडा का उड्या मारतो, हेही त्यांनीच सांगितले. ठोके अनियमित असतातच, शिवाय काही ठोके इतके अशक्त असतात, की त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही.

परतताना रिक्षात कुणी बोलत नव्हते. माझ्या मनात एकच विचार होता. त्या संध्याकाळी आम्ही हसून विषय सोडला असता तर?

दोन्ही बाजूंनी फसू नये

तेव्हापासून मी घड्याळाला हसत नाही, आणि त्याच्यापुढे हातही जोडत नाही. अमेरिकेत अशाच घड्याळांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक तीत होते. त्यांपैकी अवघ्या ०.५२ टक्के लोकांना 'ठोके अनियमित आहेत' अशी सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ई.सी.जी.ची पट्टी लावून ती तपासणीला परत पाठवली, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत त्या पट्टीने हा दोष पकडला. हा दोष येऊन-जाऊन असतो, त्यामुळे उरलेल्यांत तो नव्हताच असेही म्हणता येत नाही. म्हणजे घड्याळाची सूचना हे निदान नव्हे, पण कचऱ्याच्या टोपलीत टाकायची चिठ्ठीही नव्हे. 'जा, तपासून घे' एवढाच तिचा अर्थ.

म्हणून घरात एक साधा नियम करावा. हालचालीत, कामात, थंडीत आलेल्या विचित्र आकड्याने घाबरू नये. बसावे, घड्याळ नीट बांधावे, बोटाने मोजावे. नाडी एकसारखी आणि नेहमीसारखी असेल, तर दोष यंत्राचा. पण शांत बसूनही आकडा उड्या मारतो आणि बोटालाही ताल लागत नाही, किंवा विश्रांतीतही नाडी सतत शंभराच्या वर राहते, तर दोष यंत्राच्या माथी मारू नये. डॉक्टरांकडे जाऊन ई.सी.जी. काढावा. एखादा ठोका मधूनच चुकणे बऱ्याच जणांत होते आणि पुष्कळदा ते निरुपद्रवी असते, पण ते ठरवायचे काम डॉक्टरांचे.

आणि छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ, तोंड किंवा हात एका बाजूला लुळा पडणे यांपैकी काही झाले, तर घड्याळ काय म्हणते हे बघतच बसू नये. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक महाराष्ट्रात चालतो, कर्नाटकात चालतो आणि गुजरातेतही चालतो. आपल्यासारख्या सीमेवरच्या आणि चार गावी पांगलेल्या कुटुंबांना ही मोठी सोय आहे.

कन्नडमध्ये घड्याळाला 'गडियार' म्हणतात. शब्द थोडा बदलला. नाडीला मात्र दोन्हीकडे नाडीच म्हणतात. येत्या रविवारी दुपारी जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी, पोरांनीही, एकमेकांची नाडी मोजून पाहावी आणि वहीत लिहून ठेवावी. आमच्याकडे आता तो नेमच झाला आहे. रविवारी रात्री सचिनहून अक्काचा फोन येतो. आधी आकडा सांगते, मग गोळ्या घेतल्या का ते, आणि त्यानंतर बाकीच्या गप्पा. सासूबाई आकडा ऐकतात, मान हलवतात आणि लेकीला तेच सांगतात, "नाडि नोडु, मग गडियार."